स्टीफन किंग : जरा जास्तच डोक्यावर घेतलाय का?

पानगळ

आधीच सांगते, भयकथा मला आवडतात. त्यामुळे 'तुम्हाला हा प्रकारच झेपत नाही' असा प्रतिसाद कृपया टंकू नका.

अमेरिकी भयकथाकार किंगचं 'इट' संपवलं एकदाचं. ११३८ पानं! १९८६ सालचं पुस्तक, भयसम्राट वगैरे बिरुदं कानावर पडून पडून अपेक्षा चढलेल्या. सुरुवात वाचताना खरंच टरकले होते. पण पुढे? पुढे डेरी गावाचा इतिहास, मग त्या इतिहासाचा इतिहास, सात पोरांची सात घरं, कुणाचा दमा, कुणाचं तोतरेपण, कुणाचा मारकुटा बाप, आणि हे सगळं एकदा लहानपणचं नि एकदा सत्तावीस वर्षांनंतरचं. एवढं दळण दळून हाती काय, तर गावाखालच्या गटारात बसलेला भला थोरला कोळी. शिवाय एक कासव, ज्याने म्हणे हे विश्व ओकलं. (गटारातल्या पोरांच्या त्या दुसऱ्या प्रसंगाबद्दल मी लिहिणारच नाही. वाचलेल्यांना कळेल. संपादक कुठे गेला होता?)

'द शायनिंग', 'कुजो' आणि 'अंडर द डोम' याआधी वाचून झालीत, म्हणजे एका शितावरून भाताची परीक्षा करत नाहीये. कल्पना भन्नाट, पसारा अफाट, शेवट फुसका. दर वेळी. तरी याच्या साठहून जास्त कादंबऱ्या आहेत आणि नवीन आली की लोक रांग लावून तयार. यातलं लिखाणाचं किती आणि नावाचं किती?

विक्षिप्त_बोका

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. धागा शंभरी गाठणार.

तात्या_कोकणे

अनुमोदन. शब्दाशब्दाला मोदक.

किंगचा लोच्या त्याने स्वतःच लिहून ठेवलाय. 'ऑन रायटिंग' (२०००) मध्ये तो सांगतो की मी कथानक आधी आखत नाही. गोष्ट म्हणजे जमिनीत गाडलेला जीवाश्म, लेखकाने ती जपून उकरून काढायची. ऐकायला झकास. पण उकरणाऱ्यालाच शेपूट कुठे आहे ते माहीत नसलं की असं होतं. 'द स्टँड'मध्ये साथीच्या रोगाने जग संपवतो, उरलेल्या माणसांच्या दोन फळ्या करतो, शेकडो पानं त्यांना समोरासमोर आणतो आणि शेवटी आकाशातून देवाचा हात खाली येऊन अणुबॉम्ब फोडतो. 'अंडर द डोम'मध्ये अख्खं गाव पारदर्शक घुमटाखाली कोंडतो, आणि कारण काय, तर परग्रहावरच्या पोरांचा खेळ. '११/२२/६३'चा शेवट सगळे वाखाणतात, तो त्याच्या मुलाने, जो हिलने, सुचवलेला!

मेघना_बॉस्टन

शेवट, शेवट काय लावलंय? घाबरायला शेवटापर्यंत थांबता का तुम्ही?

पानगळ, कोळी बाजूला ठेवा आणि पहिलं प्रकरण परत उघडा. जॉर्जीला कागदी होडीला लावायला मेण हवंय. ते तळघरात. मोठा भाऊ तापाने अंथरुणात, आई पुढच्या खोलीत पियानो वाजवतेय, बाहेर धो धो पाऊस. पोर तळघराच्या दाराशी उभं आहे. दिव्याचं बटण आतल्या भिंतीवर, म्हणजे बटण चाचपायला हात आधी अंधारात घालावा लागणार, आणि त्याला पक्कं वाटतंय की आतून कुणाचा तरी पंजा अलगद मनगटावर पडेल. पूर येऊन गेलेल्या तळघराचा तो कुबट वास. एवढंच. पोरांना मारणारा तो विदूषक अजून यायचाय, कुणी मेलेलं नाही, आणि माझा हात आपोआप मागे आला होता. बरं, तिथेच फळीवर टर्टल वॅक्सचा डबा आहे आणि जॉर्जी त्याच्यावरच्या कासवाकडे उगाच टक लावून बघतो. तुम्हाला ज्या कासवाचा राग आलाय ते पहिल्याच प्रकरणात येऊन बसलंय. न आखता लिहिणाऱ्याचं हे लक्षण नव्हे.

जाता जाता, डेरी म्हणजे अमेरिकेतल्या मेन राज्यातलं बँगोर, इथून गाडीने चारेक तास. टेकडीवरचा पांढरा स्टँडपाइप (पाण्याची टाकी), पॉल बनियन या दंतकथेतल्या लाकूडतोड्याचा धिप्पाड पुतळा, सगळं जागच्या जागी आहे. किंगच्या जुन्या घराच्या लोखंडी फाटकावर वटवाघळं आहेत, लोक थांबून फोटो काढतात. गाव मात्र इतकं साधं, झोपाळू आहे की विचारू नका. अशा गावात त्याला ते सगळं दिसलं, याचंच मला जास्त नवल.

पानगळ

मेघनाताई, सुरुवातीबद्दल वाद नाहीच. मी तेच म्हणतेय, सुरुवात वाचताना टरकले होते. पण पंगतीत वाढलेल्या पहिल्या घासावर अख्ख्या जेवणाचं कौतुक किती करायचं?

सदाशिवपेठी

शेवट आणि सुरुवात दोन्ही सोडा. मधली वाक्यं बघा की. २००३ मध्ये नॅशनल बुक फाउंडेशनने किंगला अमेरिकी साहित्यातल्या योगदानाबद्दल पदक दिलं तेव्हा समीक्षक हॅरल्ड ब्लूमने जाहीर थयथयाट केला होता. वाक्य घ्या, परिच्छेद घ्या, नाहीतर अख्खं पुस्तक घ्या, हा माणूस सगळीकडे अपुरा पडतो असा त्याचा सूर. ब्लूम खडूस होता हे मान्य, त्याला हॅरी पॉटरही सहन होत नसे. पण या एका बाबतीत म्हाताऱ्याचं चुकलेलं नाही.

किंगला थांबायचं कुठे हे कळत नाही. पात्र फ्रीज उघडतं तर आतल्या प्रत्येक डब्याचा ब्रँड, रेडिओ लागला की गाण्याचं नाव, आणि एक उपमा पुरत असताना तिच्या पाठीवर दुसरी. आता आयरा लेव्हिनचं 'रोझमेरीज बेबी' (१९६७) काढा. एक इमारत, एक नवं जोडपं, शेजारचे आगाऊ म्हातारा-म्हातारी. बाई गरोदर राहते आणि शेजारीण रोज एक पेय करून आणते. किती साधं! पण प्रत्येक पान पुढच्या पानाला धरून. खुद्द किंगने लेव्हिनला सस्पेन्स कादंबरीतला स्विस घड्याळजी म्हटलंय आणि त्याच्यापुढे बाकीच्यांचा माल पाच डॉलरच्या घड्याळासारखा वाटतो असंही म्हटलंय. गुरुजींनी स्वतःच निकाल दिला, आपण कशाला भांडायचं?

तात्या_कोकणे

पेठेतून बाण आला!

डोंबिवलीकर

पानगळ यांच्या मूळ प्रश्नाकडे येतो, नावाचं किती आणि लिखाणाचं किती. याचा प्रयोग किंगच्या हातून होऊन गेलेला आहे. १९७७ पासून तो रिचर्ड बाकमन या टोपणनावानेही कादंबऱ्या छापत होता. १९८४ मध्ये बाकमनच्या नावावर 'थिनर' आली. साधारण २८ हजार प्रती खपल्या. मग वॉशिंग्टनमधल्या पुस्तकाच्या दुकानात काम करणाऱ्या एकाने कॉपीराइटची कागदपत्रं उकरून बिंग फोडलं, आणि तेच पुस्तक त्याच्या दसपट गेलं. आत काना-मात्रा बदलला नव्हता. बदललं फक्त मुखपृष्ठावरचं नाव.

म्हणजे हिशोब सरळ आहे. एक हिस्सा लिखाणाचा, नऊ हिस्से नावाचे.

चिंगी

२८ हजार कमी आहेत होय? आपल्याकडे हजाराची आवृत्ती संपली की पेढे वाटतात.

मेघना_बॉस्टन

चिंगी, लोल.

डोंबिवलीकर, पण ते नाव आलं कुठून? लॉटरीत लागलं नव्हतं. 'कॅरी' (१९७४) लिहिताना माणूस शाळेत शिकवत होता, फिरत्या घरात राहत होता आणि टेबल कपडे धुवायच्या खोलीत. पहिली पानं त्याने केरात टाकली, ती बायकोने उचलून वाचली. हार्डकव्हरला अडीच हजार डॉलर मिळाले. तेव्हा त्याला कुत्रं विचारत नव्हतं. त्या पुस्तकाचे पेपरबॅकचे हक्क चार लाखांना गेले ते काय नावावर?

डोंबिवलीकर

'कॅरी'बद्दल बोलतच नाहीये. 'कॅरी' आटोपशीर आहे, म्हणून तर चांगली आहे. तुम्हीच बघा, पेपरबॅकवाल्यांना नाव माहीत नव्हतं तेव्हाचं पुस्तक बारीक. नाव झाल्यावर १९७८ मध्ये प्रकाशकाने 'द स्टँड'मधली चारेकशे पानं कापायला लावली, तीसुद्धा किंमत परवडेना म्हणून. १९९० मध्ये साहेबांनी ती परत घालून छापली! इतकं नाव झाल्यावर कात्री लावायची कुणाची छाती आहे?

आणि एक गंमत. मला त्याचं सगळ्यात आवडतं पुस्तक 'मिझरी' (१९८७). अपघातात पाय मोडलेला लेखक, त्याला घरात कोंडून ठेवणारी नर्स ॲनी विल्क्स, ती आणून देते तो जुना टाइपरायटर, ज्याची 'एन'ची कळ तुटलेली. छापील पुस्तकात तो लिहीत असलेल्या कादंबरीची पानं येतात त्यात प्रत्येक 'एन' हाताने भरलेला दिसतो. पुढे आणखी अक्षरं पडतात आणि पान वाचतानाच माणूस किती झिजलाय ते कळतं. भूत नाही, परग्रह नाही, दोन माणसं आणि एक खोली. तर हे पुस्तक मुळात बाकमनच्या नावाने काढायचं ठरलं होतं! बिंग फुटलं म्हणून किंगच्या नावाने आलं. नाव बाजूला ठेवून लिहायला बसला की हा माणूस नीट लिहितो, असं माझं म्हणणं.

विक्षिप्त_बोका

हा मुद्दा भारी आहे. पॉपकॉर्न खाली ठेवला.

पुस्तकवेडा_९१

कुणाकडे 'मिझरी'ची पीडीएफ आहे का? व्यक्तिगत निरोप करा प्लीज.

संपादक मंडळ

प्रताधिकार असलेल्या पुस्तकांच्या फाइली इथे मागू नयेत, देऊही नयेत. प्रतिसाद ताकीद म्हणून ठेवला आहे.

रात्रपाळी

उशिरा आलो. सगळे प्रतिसाद वाचले. 'पेट सेमेटरी'चं नाव कुणीच घेतलं नाही याचं आश्चर्य वाटतंय. (इथून पुढे सगळं फोडणार आहे. पुस्तक १९८३ चं आहे, आता तक्रार चालणार नाही.)

लुई क्रीड हा डॉक्टर शिकागोहून मेनमधल्या लडलो गावी राहायला येतो. घरासमोर हमरस्ता, त्यावरून रात्रंदिवस ट्रक. मागच्या रानात गावातल्या पोरांनी मेलेल्या कुत्र्या-मांजरांसाठी केलेली दफनभूमी, आणि तिच्याही पलीकडे एक जागा, जिथे पुरलेलं परत येतं. मुलीचं मांजर ट्रकखाली जातं आणि जड नावाचा शेजारचा म्हातारा लुईला ती जागा दाखवतो. मांजर परत येतं. पण वेगळं होऊन. इथवर कुणीही लिहील.

आता पतंगाचं प्रकरण. मार्चचा वारा, लुई आपल्या छोट्या मुलाला, गेजला, घेऊन शेजारच्या माळावर पतंग उडवतोय. गिधाडाचं चित्र असलेला पतंग. पोराला बोलता येत नाही धड, दोरी हातात आल्यावर ते खिदळतंय. लुईला वाटतं, आत्ता या क्षणी मी या पोरासारखाच झालोय. आणि किंग मध्येच, काही आवाज न चढवता, सांगून टाकतो की या खिदळणाऱ्या पोराच्या आयुष्याचे आता दोन महिनेही उरलेले नाहीत. आणि पतंग उडतच राहतो.

मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रात्रपाळी करतो. तिथे बसून वाचत होतो. पुस्तक पालथं टाकून पॅसेजमध्ये चक्कर मारून आलो.

पुढे तर कहर आहे. ट्रकचा अपघात तो सरळ दाखवत नाही, आपण एकदम अंत्यविधीला पोचतो. तिथे लुई आणि त्याचा सासरा शवपेटीसमोर मारामारी करतात, पेटी कलंडते. मग काही पानं अशी येतात की लुईने धावत जाऊन पोराला रस्त्याच्या कडेला पकडलं होतं. पोर वाचलं. मोठं झालं. पोहायला लागलं, ऑलिंपिकला गेलं, सुवर्णपदक मिळालं. आपण मूर्खासारखे वाचत जातो, आत कुठेतरी बरंही वाटायला लागतं. मग तो ते काढून घेतो.

शेवट जमत नाही म्हणणाऱ्यांनी या पुस्तकाचा शेवट बघावा. पत्त्यांचा डाव मांडून बसलेला लुई, मागे पावलं, खांद्यावर गार हात आणि एक शब्द. संपलं. कोळी नाही, कासव नाही.

हे पुस्तक त्याने बाजूला टाकून ठेवलं होतं, जुन्या प्रकाशकाशी करार पुरा करायचा म्हणून छापायला दिलं. स्वतःच्या लिखाणातलं हेच त्याला सगळ्यात भीतीदायक वाटतं. त्याच्या मुलीचं मांजर खरंच घरासमोरच्या रस्त्यावर मेलं होतं.

पानगळ

हे नव्हतं वाचलेलं. वाचेन की नाही सांगता येत नाही, घरात दीड वर्षाचं पोर आहे.

रात्रपाळी

मग नका वाचू. मनापासून सांगतो.

सदाशिवपेठी

रात्रपाळी, छान लिहिलंयत, पण तुम्ही ज्या वाक्यावर फिदा आहात ती किंगची जुनी खोड आहे. 'त्याने तिला जिवंत पाहिलं ते शेवटचंच', 'ही चूक त्याला पुढे महागात पडणार होती' ही वाक्यं त्याच्या जवळपास प्रत्येक पुस्तकात भेटतात. वाचक पेंगायला लागला की मारला चिमटा. एका पुस्तकात अंगावर काटा येतो, दहाव्या पुस्तकात जांभई. हातखंडा झाला की त्याला कारागिरी म्हणतात, प्रतिभा नाही.

रात्रपाळी

खोड आहे, शंभर टक्के. बाकी पुस्तकांत तो चिमटाच असतो. पण 'पेट सेमेटरी'त ते वाक्य नुसता धक्का म्हणून नाही आलेलं. त्या पुस्तकातल्या सगळ्यांना सगळं आधीच माहीत आहे. जडला माहीत आहे त्या जागेवरून काय परत येतं, त्याने लहानपणी आपला कुत्रा पुरलाय तिथे. लुई डॉक्टर आहे, मृत्यू म्हणजे काय ते त्याला कुणी शिकवायला नको, शिवाय मांजराचं काय झालं ते डोळ्यांनी बघितलंय. तरी तो कुदळ घेऊन पोराच्या थडग्याकडे निघतो. आणि गेज मरणार हे आपल्याला सांगून ठेवलेलं असूनही आपण ऑलिंपिकच्या पानांवर विश्वास ठेवतो. माहीत असून माणूस जातो, आणि वाचकही त्याच्या मागे जातो. लेव्हिनच्या घड्याळात हे बसत नाही. रोझमेरीला माहीत नाही म्हणून भीती वाटते. इथे माहीत आहे म्हणून वाटते.

सदाशिवपेठी

हं. हे ठीक आहे. साठ पुस्तकांतलं एक.

मेघना_बॉस्टन

एक कसं? 'शायनिंग'चं काय? जॅक टॉरन्स दारू सोडलेला माणूस आहे, पोराचा हात त्याच्याच हातून मोडलेला आहे, हॉटेलातल्या भुतांच्या आधीपासून आपल्याला कळलेलं असतं हा कुठे चाललाय. किंग स्वतः त्या काळात पिण्याच्या पार आहारी गेलेला. 'कुजो' (१९८१) लिहिल्याचं आपल्याला जेमतेम आठवतं असं त्याने लिहून ठेवलंय.

पानगळ

'कुजो' वाचल्याचं मलाही जेमतेम आठवतं. फिट्टंफाट.

चिंगी

हाहाहा! पानगळ __/\__

'शायनिंग' निघालंच आहे तर, कुब्रिकचा सिनेमा (१९८०) पुस्तकापेक्षा सरस आहे, आणि किंगला तो अजिबात आवडला नाही. १९९७ मध्ये त्याने स्वतः लिहून टीव्हीवर मालिका काढली. बघा आणि ठरवा. पुस्तकात झुडपं कापून केलेले प्राणी जिवंत होतात, कुब्रिकने तिथे हिरवा चक्रव्यूह टाकला. छाटलेला हिरवा सिंह अंगावर येतोय हे वाचताना मला हसू आलं होतं. 'द मिस्ट'चंही तेच. सिनेमाचा शेवट दिग्दर्शक डॅराबाँटने बदलला आणि इतका जबरी केला की किंगनेच दाद दिली. दुसऱ्याच्या हातात दिलं की याचं सोनं होतं.

तात्या_कोकणे

चिंगी, झुडपांबद्दल टाळी. मी सिंहाला घाबरायचा प्रामाणिक प्रयत्न केला होता.

नाना_सातारकर

मंडळी, धागा वाचतोय. एवढा किंगचा काथ्याकूट चाललाय आणि धारपांचं नाव कुणी काढेना. आमच्या पिढीने किंग वाचला तो नारायण धारपांच्या हातून, आणि तो किंग आहे हे माहीत नसताना. 'लुचाई' म्हणजे 'सेलम्स लॉट', 'शपथ' म्हणजे 'इट'. सर्क्युलेटिंग लायब्ररीत धारपांची पुस्तकं पानं सुटेस्तोवर फिरायची. पानगळ म्हणतात तो पसारा 'शपथ'मध्ये कितीतरी आवरलेला आहे. किंगला संपादक मिळाला तो मराठीत!

डोंबिवलीकर

अवांतर होईल, पण याला संपादन म्हणायचं की उचलेगिरी?

नाना_सातारकर

रूपांतर म्हणा. त्या काळी सर्रास चालायचं. नाटकांत काय कमी झालंय? आणि धारप म्हणजे नुसता किंग नव्हे. 'साठे फायकस', '४४० चंदनवाडी', 'चेटकीण', वाईट शक्तींशी लढणाऱ्या 'समर्थ' या त्यांच्या नायकाच्या कथा, माणूस आयुष्यभर एका प्रांतात रमला. १९२५ चा जन्म, २००८ ला गेले. 'तुंबाड' सिनेमा गाजला तेव्हा कुठे नव्या पोरांना नाव कळलं.

चिंगी

नाना, आणि 'तुंबाड'मागची धारपांची 'आजी' ही कथा म्हणजे किंगची 'ग्रॅमा', 'स्केलेटन क्रू' संग्रहातली. फिरून गाडी मेनलाच!

सदाशिवपेठी

भयकथाच हव्या असतील तर रत्नाकर मतकरी आहेत की. 'खेकडा' वाचा. किंगला जे करायला हजार पानं लागतात ते मतकरी एका बैठकीत उरकतात. आणि भीती घरातल्याच माणसाची.

रात्रपाळी

मतकरींबद्दल दुमत नाही. पण कथा आणि कादंबरी यांची तुलना कशाला?

नाना, धारपांचा मीही चाहता आहे, पण किंग आणि ते यांच्यात मला मोठा फरक जाणवतो. समर्थ आले की वाचक सैलावतो. वाईट शक्ती कितीही मोठी असो, समर्थांची साधना तिच्याहून मोठी आहे याची आपल्याला खात्री असते. 'सेलम्स लॉट'मध्ये (१९७५) फादर कॅलहन नावाचा पाद्री आहे. तो क्रूस पुढे धरून पिशाचासमोर उभा राहतो, क्रूस झळाळतो. पिशाच म्हणतं, तुझी श्रद्धा एवढी असेल तर क्रूस खाली टाक आणि ये माझ्यासमोर. कॅलहनचा हात टाकायला धजत नाही. आणि त्या क्षणी क्रूस विझतो, नुसती वस्तू होतो. ज्याने वाचवायचं तोच आतून पोकळ निघाला. मला धारपांमध्ये हे कधी सापडलं नाही. समर्थांचा धीर सुटलाय असं एक पान असतं ना, तर मी त्या रात्री झोपलो नसतो.

नाना_सातारकर

मान्य नाही. समर्थ येणार म्हणून तर आम्ही ती पुस्तकं घरात ठेवू शकलो. भीती वाटावी आणि सकाळी उठून चहाही घेता यावा, याला पण कौशल्य लागतं राव. तुमचा तो लुई आणि कॅलहन घेऊन मला झोप कशी यायची?

मेघना_बॉस्टन

नाना, 'सकाळी उठून चहा' हे धारपांच्या पुस्तकाच्या पाठीवर छापायला हवं.

पानगळ

बराच वेळ गप्प होते, वाचत होते. माझं मत सांगून टाकते. 'इट' फुगलेलं आहे आणि तो शेवट टुकार आहे, यावर मी ठाम. जॉर्जीचं तळघर आणि रात्रपाळींचा पतंग यांनी ते भरून निघत नाही. पण डोंबिवलीकरांचा नऊ-एकचा हिशोबही मला पटलेला नाही. २८ हजार लोकांनी नाव नसताना पुस्तक घेतलं आणि नावानंतर दसपट लोक आले, यावरून खप कळतो. पुस्तक कसं आहे ते कळत नाही. उलट मला असं वाटायला लागलंय की या माणसाचं नको तेवढं कौतुक नको त्या पुस्तकांचं झालंय. यादी काढा, सगळीकडे 'इट' आणि 'द स्टँड' वर. 'मिझरी' खाली कुठेतरी. जाड पुस्तक संपवलं की वाचकाला आपणच काहीतरी मिळवल्यासारखं वाटतं, ते गुण लेखकाच्या खात्यात जमा होतात.

डोंबिवलीकर

हे शेवटचं वाक्य मी ढापणार आहे.

सदाशिवपेठी

पानगळ, सहमत. फक्त 'मिझरी' वर आणलीत तरी पहिल्या पाचांत लेव्हिन आणि शर्ली जॅक्सन राहतील.

नवी_विटी

विषय जरा बदलतेय, माफ करा. भाचीला चौदावं लागलंय, इंग्रजी भरपूर वाचते, आणि तिला वाढदिवसाला 'स्टीफन किंगचं काहीतरी' हवंय. कुठलं देऊ?

मेघना_बॉस्टन

'डिफरंट सीझन्स' (१९८२). चार दीर्घकथा आहेत. 'द बॉडी' तिच्याच वयाच्या पोरांची आहे, रेल्वेमार्गावर पडलेलं प्रेत बघायला चाललेली चार पोरं. भूतबीत नाही. जळवांचा एक प्रसंग आहे, तो तिला नक्की आवडेल. शॉशँक तुरुंगाची गोष्टही त्याच पुस्तकात. 'ॲप्ट प्युपिल' मात्र या वयात नको, आणि ती पानं फाडून तर देता येणार नाहीत, तेव्हा आधी तुम्ही वाचा.

चिंगी

'कॅरी' द्या. शाळेत छळ होणाऱ्या मुलीची गोष्ट आहे, बारीक आहे.

सदाशिवपेठी

शर्ली जॅक्सनचं 'द हाँटिंग ऑफ हिल हाऊस'. किंग नाही, पण किंगनेच वाखाणलंय, म्हणजे तिचा हट्टही पुरा झाला.

तात्या_कोकणे

काहीही द्या, फक्त 'इट' वाचू नकोस असं तिला सांगू नका. सांगितलंत की ती आधी तेच वाचणार.

नवी_विटी

तात्या, ती मागे उभी राहून हा धागा वाचतेय. विचारतेय, गटारातला तो दुसरा प्रसंग कुठला?

पानगळ

संपादक मंडळ, धावा!